पिवळी रेघ

भोसरीच्या एमआयडीसीत नवरात्र डिझेलच्या वासाने सुरू होतं. खंडेनवमी जवळ आलेली असते. वर्षभर राबलेली लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्या अंगावरचा काळा चिकटा एकदाचा निघायला लागतो. शेडच्या दारात माणसं उकिडवी बसून सुटे भाग डिझेलमध्ये बुचकळतात, ब्रशने घासतात, उन्हात फडक्यावर मांडून ठेवतात. नाशिक रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग पडतात, त्यांच्यावर ओली पोती टाकलेली असतात, आणि वरून ऑक्टोबरचं ऊन. झेंडू आणि डिझेल हे दोन वास एकत्र नाकात गेले, की माझं उजवं मनगट ठणकायला लागतं. डॉक्टर म्हणतात, हाड उत्तम जुळलंय. हाडाबद्दल माझी तक्रार नाहीच. मनगटाचं नुसतं निमित्त, दुखतं ते दुसरंच. त्याला आपल्याकडे सरळ पोटात दुखणं म्हणतात.

चार वर्षं झाली त्याला. पितृपक्ष नुकताच लागला होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी मोटरसायकलने तळवड्याकडून घरी येत होतो. स्पाइन रोडच्या वळणावर कुणाच्या तरी गाडीतून ऑइल सांडलेलं होतं. मला ते दिसलं, आणि दिसलं तेव्हा मी त्याच्यावरच होतो. गाडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे. मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं. गाडीचं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला, दिवा फुटला, टाकीला हातभर पोचा पडला.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची सारी नोकरी गेली, आणि तिची शेवटची बारा वर्षं या गाडीवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण मनातून दिली नसावी. दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला आणि विचारलं, "चिमटा गेला का रं?"

गाडी भंगारात काढा, असं दोघातिघांनी सुचवलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये गाडी विटांवर चढवली. पितृपक्षात नवी वस्तू आणायची नाही, हा आईचा नियम. त्यामुळे पंधरा दिवस नुसतं खोलायचं, धुवायचं, तपासायचं. नवे भाग घट बसल्यावर आणायचे. आणायचे म्हणजे साधे नाहीत. त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा चिमटा बसवायचा, पुढचा जुना ड्रम ब्रेक काढून त्याजागी डिस्क ब्रेक, एलईडी दिवा, मागे रुंद टायर. "पडली तर पडली, आता चांगली उठू दे," अण्णा म्हणाले.

मला वाटलं होतं, हे पंधरा दिवस माझे आणि अण्णांचे. हात गळ्यात होता, तोंड तर मोकळं होतं. खुर्ची टाकून बसू, ते सांगतील, मी ऐकेन. लहानपणापासून हे राहून गेलं होतं. मी सहावी-सातवीत असताना एकदा त्यांचा दहा नंबरचा पाना घेऊन सायकलशी खटपट करत होतो. त्यांनी माझ्या हातातून तो अलगद काढून घेतला. "हे तुझं काम न्हाई. तू आभ्यास कर. तुझ्या हाताला काळं लागलं तर मी एवढी वर्षं कशापायी काळं लावून घेतलं?" त्यांच्या हिशेबी ती माया होती, हे आज कळतं. मी शिकलो, डिप्लोमा केला, एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात लागलो. हात स्वच्छ राहिले. दुसऱ्यांनी घट्ट केलेले बोल्ट नीट आहेत का, एवढंच मी बघतो.

रूपाली, माझी बायको, चाकणला एका कंपनीत असेंब्लीला होती, अजूनही आहे. पहाटे नाक्यावरून कंपनीची बस घेते, दुपारी चारपर्यंत घरी. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत असेंब्लीला म्हणजे नेमकं काय करतेस, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती पगार घरात द्यायची, दमायची, झोपायची. याहून जास्त काही असेल, असं मला सुचलंच नाही.

तर झालं असं. अण्णांनी वाकलेल्या चिमट्याच्या दोन नळ्या काढल्या. एक उघडच वाकडी होती. दुसरी त्यांना सरळ वाटत होती, आणि ती ठेवावी का टाकावी, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. रूपाली नुकतीच कामावरून आली होती. तिने ती नळी उचलली, पुसली, घरात नेली, स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा मोकळा केला आणि नळी त्यावर हलकेच लोटली. नळी गडगडत गेली, मधेच किंचित अडखळली.

"अण्णा, इथे बघा. खालून उजेड दिसतोय, म्हणजे हीपण वाकलीय."

अण्णा वाकले. एक डोळा मिटून त्यांनी ओट्याच्या पातळीवर नजर लावली. बराच वेळ बघितलं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"लाइनवर येणाऱ्या मालातल्या नळ्या बघाव्या लागतात. तिकडे ग्रॅनाइटचा टेबल आहे, इथे ओटा आहे एवढंच."

अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं, ते मी ओळखतो. माझा डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, पण तो चेहरा तेव्हा नव्हता. मी दारात प्लास्टर सांभाळत उभा होतो, आणि त्या क्षणी मला माझ्या बायकोचा मत्सर वाटला. असूया, हेवा, काय म्हणायचं ते म्हणा. आणि मी म्हणालो, "ओटा पुसून घे नीट, ऑइल लागलंय."

तिथून पुढचे सगळे दिवस मी खुर्चीवर. चार वाजले की अण्णा पार्किंगमध्ये जाऊन बसायचे आणि उगाच एखादा नट हातात घेऊन फिरवत राहायचे. ते वाट बघताहेत हे मला कळायचं. रूपाली यायची, चहा पिऊन पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर सारायची आणि पाटावर बसायची. आईच्या जुन्या नऊवारीच्या चिंध्या, डिझेलचा डबा, चहाचे दोन पेले. तिसरा माझा असायचा, पण तो मला खुर्चीवर आणून दिलेला असायचा. त्या दोन पेल्यांचे काठ काळे व्हायचे, माझा मात्र स्वच्छ. हे असलं मी बघत बसायचो.

दोघं फार बोलायची नाहीत, हीच तर गोम होती. अण्णा मान न वळवता हात मागे करायचे, आणि ती त्या हातात बरोबर तोच पाना ठेवायची. मला एकदा म्हणाले, "बारा नंबर दे." मी डाव्या हाताने चौदाचा दिला. अण्णांनी तो बाजूला ठेवला आणि हात पुन्हा तिच्याकडे केला. आईने गॅलरीतून माझं तोंड बघितलं असावं. "तू का रे फुगून बसलायस? आयता चहा मिळतोय की," म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

मत्सराला निदान एक माणूस लागतो. माझ्याकडे दोन होते. तिला अण्णा मिळाले म्हणून मी तिच्यावर जळत होतो, आणि अण्णांना ती मिळाली म्हणून अण्णांवर. माझ्या घरात, माझ्या गाडीभोवती, माझी दोन जवळची माणसं आनंदात होती, आणि मला ते बघवत नव्हतं. रूपालीला मी इतकं हसताना लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा बघितलं नव्हतं. तिच्या हनुवटीवर काळा ठिपका लागलेला असायचा. तो पुसायला माझा हात पुढे झाला नाही, मी नुसता बघत राहिलो. ती सुंदर दिसायची, हेसुद्धा मला लागायचं.

घट बसले, नवे भाग आले. अण्णांनी एमआयडीसीतल्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमधून टॉर्क रेंच आणला. हा पाना ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की "कट्" असा आवाज देतो, मग थांबायचं. त्या आवाजानंतर बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर जाणारी एक बारीक रेघ पिवळ्या मार्करने ओढायची. रेघ म्हणजे ग्वाही: हा बोल्ट आवळला आहे, आता याला पुन्हा बघायचं कारण नाही. आमच्या सगळ्या पट्ट्यातल्या कंपन्या या रेघेवर चालतात. रेघ असलेल्या बोल्टला पुढचा माणूस हात लावत नाही, आणि रेघेला जबाबदार तो, ज्याने ती ओढली.

"तू एवढं कर," अण्णा मला म्हणाले आणि मार्कर माझ्या डाव्या हातात दिला. "ती कट् करंल, तू रेघ मार. तुझं रोजचंच काम हाय."

त्यांना वाटलं असेल, पोराला सामील करून घ्यावं. मला वाटलं, तान्ह्या मुलाला खुळखुळा दिला.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी डिस्क ब्रेक बसत होता. चाकाच्या चकतीला दोन्हीकडून धरणारा लोखंडी पंजा असतो, तो दोन बोल्टांवर चिमट्याला बसतो, एक वर आणि एक खाली. रूपालीने दोन्ही बोल्ट हाताने फिरवून बसवले. वरचा आवळला. कट्. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशीच्या पूजेच्या फुलांचं तिच्या लाइनवरच्या बायकांचं काहीतरी चाललं होतं. ती बोलत बोलत गेटपर्यंत गेली. अण्णा दिव्याच्या वायरी जोडत होते, आणि तिकडे बघून स्वतःशीच हसत म्हणाले, "टूलरूममधी अशी एक जरी असती ना आमच्या वक्ताला."

मी वाकलो आणि वरच्या बोल्टवर रेघ ओढली. मग खालच्या बोल्टवर ओढली.

मला माहीत होतं का? चार वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. कट् एकदाच वाजला होता, आणि मी तर संध्याकाळभर त्या आवाजाकडे कान लावून बसलेला माणूस. पण त्या क्षणी माझ्या कानात कट् नव्हता, अण्णांचं वाक्य होतं. चूक म्हणावी तर माझ्या खात्यात अशी चूक नवा पोरगाही करत नाही. मुद्दाम म्हणावं तर माझी जीभ रेटत नाही. रूपाली परत आली, दोन पिवळ्या रेघा बघितल्या, आणि पाना पुसून ठेवून दिला. रेघ असलेल्या बोल्टला हात लावायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे.

दसऱ्याला सकाळी गाडी विटांवरून उतरली. टाकीचा पोचा निघाला होता, जुना तांबडा रंग पॉलिशने वर आला होता. हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आदल्या दिवशी त्या टॉर्क रेंचलाही कुंकू लावलं होतं, ते तसंच होतं. मंचरजवळच्या माहेरी रूपाली भावाची गाडी चालवायची, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. अण्णांना ते आधीपासून ठाऊक होतं. अण्णांनी किल्ली तिला दिली. "पहिली फेरी हिची."

ती बसली. किक मारली, गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. माझी नजर पुढच्या चाकावर गेली, त्या दोन रेघांवर, आणि आता मात्र मला पक्कं माहीत होतं. यात काही संशय ठेवायला जागा नाही. खालचा बोल्ट निघाला की पंजा फिरतो, चाकात अडकतो, आणि पुढचं चाक जागेवर थांबतं. वरचा माणूस थांबत नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सावकाश जा, पोरी."

तो आवाज. एवढ्या वर्षांत मला तो आवाज कधी मिळाला नव्हता. माझं तोंड मिटलं.

आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन यायला मिनिटभर लागत असेल. त्या मिनिटात मी काय केलं, तर उभा राहिलो. ती गिरणीशी वळली, आली. गेटाशी ब्रेक मारला, तेव्हा पुढून खट्खट् असा आवाज आला. अण्णांनी कान टवकारले, वाकले, खालच्या बोल्टला नुसतं बोट लावलं. तो फिरला.

"रूपाली, हा सुटा हाय."

ती गाडीवरून उतरली. तिने बोल्टकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोल्टकडे. "माझाच राहिला, अण्णा," ती म्हणाली.

इथे मी बोलायला हवं होतं, आणि मी बोललोही. "आमच्याकडे याला मेजर डिफेक्ट म्हणतात. तुमच्या लाइनवर चालत असेल."

अण्णांनी बोल्ट आवळला. कट्. त्या दिवशीचं श्रीखंड कुणी मागून घेतलं नाही.

रूपालीने त्यानंतर गाडीला हात लावला नाही. चार वाजता यायची आणि सरळ वर जायची. प्लास्टर निघाल्यावर पाटावर मी बसलो. अण्णांनी कार्ब्युरेटर खोलून दाखवला, मी खोलला, पेट्रोल सांडलं, एक बारीक स्प्रिंग उडाली ती मिळालीच नाही. "ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं "ऱ्हाऊ दे". ज्या जागेसाठी मी एवढा तळमळलो, ती जागा मिळाल्यावर कळलं की तिथे बसून मला करण्यासारखं काही नाही. अण्णाही हळूहळू खाली जायचे बंद झाले. गाडी मी चालवतो. डिस्क ब्रेक झकास लागतो. लोक सिग्नलला विचारतात, जुन्या गाडीला हे कुणी बसवलं? मी म्हणतो, घरीच.

यंदा घट बसले त्या दिवसापासून पुढचा ब्रेक चिरकतोय. परवा मी अण्णांना सांगितलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालाय, काळा चष्मा लावून गॅलरीत बसतात. म्हणाले, "रूपालीला बोलव. ती बघंल."

"तिला आता सवय राहिली नाही, अण्णा."

"तिला सवय न्हाई, का तुला नको हाय?"

खालून झेंडूवाल्याची गाडी चालली होती. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "दसऱ्याला बोल्ट बोटानं फिरला, आन् त्याच्यावर तुझी डाव्या हाताची रेघ व्हती. वाकडी. मला तवाच दिसली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तीच म्हणली, अण्णा, सोडा. त्यांचा हात बरा हुईस्तवर जाऊ द्या. मंग ऱ्हाऊनच गेलं."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी तोच जुना मत्सर: म्हणजे हेही या दोघांनी मिळूनच केलं. चार वर्षं मी ज्याला माझं एकट्याचं गुपित समजून उरापाशी धरून बसलो होतो, ते या दोघांचं होतं, आणि त्यातही मी खुर्चीवर. पन्नाशीकडे निघालेल्या माणसाने हे लिहावं का, असं कुणी विचारेल. पण असं झालं, ते असं लिहितो.

रूपाली ओट्याशी भाजी चिरत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बोल्ट तू विसरली नव्हतीस. मी आधीच रेघ मारली होती. तू गाडीवर बसलीस तेव्हा मला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. सुरी थांबली नाही.

"मग परत गाडीला हात का लावला नाहीस? मला वाटलं, त्या बोल्टची धास्ती घेतलीस."

"बोल्टची कसली धास्ती? बोल्ट सुटा असला तर आवळता येतो." तिने चिरलेलं पातेल्यात लोटलं. "गिरणीपर्यंत गेले, आले, तोवर मला काही वाटलं नाही. गेटाशी ब्रेक मारला आणि तुमच्याकडे बघितलं. मी पडले नाही म्हणून तुम्हाला बरं वाटलंय का, तेच मला तुमच्या तोंडावरून कळेना. तेव्हापासून तुम्ही शेजारी बसलेले असताना मला पाना धरायची भीती वाटते."

ती हात धुऊन पुसत माझ्याकडे वळली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. बरं वाटलं होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते खरं होतं का, ते मला त्या दिवशीही कळलं नव्हतं.